बाबा म्हणाले, एन्झाइमची गोळी पाठव

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले, "अगं तू तिथे एन्झाइमवरच काम करतेस ना, मग माझ्या फुप्फुसातला हा डाग विरघळवायची एखादी गोळी पाठवून दे की." मला काही बोलताच येईना. रेंज नाही असं सांगून फोन ठेवला आणि स्वीडनमधल्या लुंडच्या अंधाऱ्या रस्त्यावर तासभर नुसती चालत राहिले.

मागच्या पावसाळ्यात बाबांचा न्यूमोनिया वाढून एआरडीएस झाला, म्हणजे फुप्फुसांत पाणी भरून श्वासच अपुरा पडायला लागला. १९ दिवस आयसीयू, त्यातले ११ व्हेंटिलेटरवर. मी पोचले सहाव्या दिवशी, आणि तोपर्यंत ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या मजल्यावरच्यांनी आईला एक रात्रही एकटं सोडलं नव्हतं. सिस्टर आणि वॉर्डबॉय मिळून पाच-सहा जण बाबांना रोज पालथं करायचे, एकही नळी न हलवता. इथे कोणी भारतातल्या हॉस्पिटलांबद्दल तोंड वाकडं केलं की मी हे ऐकवतेच. मला इथे तीन आठवडे खोकला होता तेव्हा फोनवरच्या नर्सने आराम करा, पाणी प्या एवढंच सांगितलं, आपल्याकडे कोपऱ्यावरचा डॉक्टर रात्री नऊला छाती तपासून देतो.

आता गोळीचं. ती मावशीच्या मेसेजमधून आलीय, सेराटिओपेप्टिडेज, आपल्याकडे पेनकिलरबरोबर सुजेसाठी सर्रास लिहून देतात ती. मेसेजमध्ये होतं की ही फुप्फुसातला डाग खाऊन टाकते. मावशी मायेने पाठवते हे कळतं मला, पण त्या मेसेजचा फार राग आला, कारण बाबा आता रोज सकाळी उठून डाग गेला का याचीच वाट बघतात. हीच गोळी जपानमध्ये २०११ साली बाजारातून मागे घेतली, चाचणीत ती प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा, सरस ठरली नाही म्हणून. आणि बाबा, एन्झाइम कमी पडलंय असा हा मामलाच नाहीये.

तुम्ही सेक्रेटरी असताना सोसायटीचं स्ट्रक्चरल रिपेअर झालं ते आठवा. प्लास्टर फोडणाऱ्यांच्या डोक्यावर तुम्ही उन्हात उभे असायचात, पोकळ झालेलं सगळं पडलं पाहिजे पण हातोडा सळईला लागता कामा नये. फुप्फुसात अगदी तेच चालतं. इन्फेक्शन झालं की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात आणि इलास्टेज, एमएमपी अशी कापणारी एन्झाइम सोडतात. एमएमपी माणसात वीसपेक्षा जास्त प्रकारची आहेत, यातलं पहिलं १९६२ मध्ये टॅडपोलच्या, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या, गळून जाणाऱ्या शेपटीत सापडलं. फोडकाम जास्त झालं तर वायुकोशांचा पायाच उखडतो आणि आत पाणी भरतं, तुमचे पहिले दिवस तेच होते. पण फोडकाम झालंच नाही तर नवीन पेशींना सरकायला वाट मिळत नाही, एमएमपी-७ नसलेल्या उंदरांच्या श्वासनलिकेवरची जखम नीट भरत नाही, आणि गंमत बघा, फुप्फुसं कडक होण्याच्या आजारात हेच एमएमपी-७ वाढलेलं सापडतं. म्हणून शरीर बहुतेक एमएमपी कुलूप लावूनच, म्हणजे निष्क्रिय ठेवूनच, बाहेर सोडतं आणि वर त्यांना आवरायला टिम्प नावाचे चार प्रकारचे सुपरवायझर ठेवतं.

सुपरवायझर नसला तर काय होतं हे इथून ट्रेनने पंधरा मिनिटांवरच्या माल्मोमध्ये कळलं. १९६३ साली लॉरेल आणि एरिक्सन या संशोधकांना रक्तातली प्रोटीनं पट्ट्यांत वेगळी दाखवणाऱ्या सुमारे १५०० तपासण्यांत पाच अशा सापडल्या की त्यात अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची पट्टीच जवळपास नव्हती, आणि त्या पाचातल्या तिघांची फुप्फुसं खराब झालेली होती. हे प्रोटीन इलास्टेजला आवरतं. ते नसेल तर आपलीच पेशी आपलंच फुप्फुस खात सुटते. माल्मो स्टेशनवर उतरले की दर वेळी हे आठवतं.

तुमच्या रिपोर्टमधला डाग म्हणजे कोलॅजनच्या सळया. लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम त्या एकमेकींना जोडतं, आपली बाइंडिंग वायर समजा. थोडी हवीच, पण बांधत राहिलं तर फुप्फुस फुगतच नाही, आणि अशा घट्ट बांधलेल्या सळया कापणं एमएमपीलाही जड जातं. या कुटुंबातल्या एका एन्झाइमला रोखणारं औषध आयपीएफच्या, म्हणजे कारण न कळता फुप्फुसं कडक होत जाण्याच्या आजाराच्या, पेशंटवर तपासलं होतं, फायदा दिसेना म्हणून २०१६ मध्ये ट्रायल थांबली. इतक्या लोकांना जे जमलं नाही ते मी पार्सलने कसं पाठवू?

एआरडीएसनंतरचा डाग आणि आयपीएफ मात्र एक नव्हे. आयपीएफ वाढत जातो, तुमच्यासारख्यांचा डाग बऱ्याचदा महिनोन्महिने हळूहळू कमी होत राहतो.

लोक विचारतात, वडील असे असताना तू तिकडे कशाला. मी उंदरांच्या फुप्फुसांचे पातळ काप रंगवते, कोलॅजन निळं दिसतं. दुखापतीनंतर तिसऱ्या आठवड्यात सगळं निळं असतं, आणि पुढच्या महिन्यांच्या कापांत ते निळं विरळ होत गेलेलं मी स्वतः मोजलंय. ठाण्यात तुमच्या उशाशी बसून हे मोजता आलं नसतं, असं मी स्वतःला सांगते.

आई म्हणाली काल तुम्ही उपवनला तळ्याच्या कडेने निम्म्यापर्यंत गेलात, दोनदा बाकावर टेकलात, ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला नाही. मे महिन्यात तर निम्मा जिनाही चढून होत नव्हता, बाबा.