आमची वाटचाल : मीठ, आगळ आणि मेचा पाऊस

आमचं गाव आगरवाडा. गोव्यातल्या पेडण्यात, शापोरा नदीच्या काठी. गावाच्या नावातच आगर, म्हणजे मिठागर आहे, तेव्हा सासरी काय चालतं हे लग्नाआधी कुणी वेगळं सांगितलं नाही. तेव्हा राशीवरच मीठ विकायचं. मासळीवाल्या खारवायला न्यायच्या आणि बागायतदार पावसाच्या तोंडावर माडांच्या मुळांत घालायला. 2011 मध्ये मी आणि जाऊबाईंनी घरचंच मीठ घालून भिरंडांचं (कोकमाच्या फळांचं) आगळ, म्हणजे खारवलेला घट्ट रस, करायला घेतलं. पहिल्या वर्षी दोनशे बाटल्या, त्यातल्या चाळीस नातेवाइकांनी फुकट नेल्या. मग सोलंही, म्हणजे वाळवलेल्या कोकमाच्या सालीही, आली.

भांडवल विचाराल तर ऊन. भरतीचं पाणी मानशीतून (बांधातल्या दारातून) आत घ्यायचं आणि एका कोंडीतून, म्हणजे मिठाच्या उथळ वाफ्यातून, दुसऱ्या कोंडीत फिरवत तापवायचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार. दहा भाग पाण्यातले नऊ उडाले की मीठ धरतं. त्यात एक जोराची सर पडली, की आठ-दहा दिवसांची मेहनत पुन्हा पाणी.

हंगाम आता दोन्ही बाजूंनी कुरतडला जातो. 2019 मध्ये ऐन दिवाळीत क्यार वादळ आलं, पाठोपाठ महा. त्या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. वादळं ही बंगालच्या उपसागराची गोष्ट, असं आम्ही समजत होतो. समुद्र तापलाय, त्यावर वादळं पोसली जातात, असं शास्त्रज्ञ सांगतात. आम्हाला कळतं ते एवढंच, की पाऊस लांबला की नदी गोडी राहते आणि आगर उशिरा लागतं.

दुसरं टोक मे. 16 मे 2021, रविवार, तौक्ते. रात्री मिठाच्या राशीवरचे झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) आणि ताडपत्री दोन्ही उडाली. सकाळी गेलो तर राशीचा टोकदार माथा बशीसारखा बसला होता आणि कडेने खारट ओघळ परत कोंडीत चालले होते. आबा (सासरे) काही बोलले नाहीत, फक्त फळी उचलून ओघळ अडवायला लागले. घरी माळ्यावरच्या सोलांना बुरशी. नुकसानभरपाईच्या अर्जात माड, आंबा, काजू होते. मिठाला रकाना नव्हता. घटनेत मीठ राज्याच्या नव्हे, केंद्राच्या यादीत आहे, ते त्या दिवशी कळलं.

सगळं हवामानावर ढकलणंही खरं नाही. उधाणाचं पाणी बांधावरून येतं, तसं खेकड्यांच्या बिळांतूनही येतं, आणि बिळं बुजवायला आता कोण आहे? बांध फुटला की पलीकडच्या खाजनातलं (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतातलं) कोरगुटाचं, म्हणजे खारं पाणी सोसणाऱ्या जातीचं, भातही जातं. भरतीची पातळी वाढत गेली तर चिखलाचे बांध किती उंच करणार, हा प्रश्न मात्र आहेच.

आम्ही काय बदललं? रास वाढू देत नाही, दर आठवड्याला मीठ शेडमध्ये. सोलं कमी केली, आगळ वाढवलं, कारण आगळाला वाळवण लागत नाही. उरलेल्या सोलांसाठी प्लास्टिकच्या छपराचं वाळवणघर बांधलं. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

गेल्या मेमध्ये पणजीच्या एका दुकानदाराने पन्नास पोती मागितली. शेडमध्ये सव्वीस होती, तेवढ्यांचीच ऑर्डर घेतली. उरलेली समोर कोंडीत पांढरी दिसत होती, म्हणून आबा जरा नाराज झाले.