‘फीलिन ऑलराइट’चा बेस : कोणी वाजवला आणि कशावर वाजवला

मागच्या नोंदीत मी इंग्लिश गायक जो कॉकर यांच्या ‘फीलिन ऑलराइट’ या ध्वनिमुद्रणाचा बेस, म्हणजे बेस गिटारवर वाजवलेली खर्जातली ओळ, उतरवून घेण्यास सुरुवात केल्याचे लिहिले होते. स्वरलेखन आता पूर्ण झाले आहे, परंतु ते करताना वादक कोण आणि वाद्य कोणते हे दोन प्रश्न इतके पुढे आले, की या वेळची नोंद त्यांनाच द्यावी लागत आहे.

गाणे मूळचे ट्रॅफिक या इंग्लिश बँडचे. ते डेव्ह मेसन यांनी लिहिले आणि १९६८ मध्ये बँडच्या दुसऱ्या अल्बमवर आले. कॉकर यांनी गायलेली आवृत्ती १९६९ मध्ये त्यांच्या पहिल्या अल्बममधून प्रसिद्ध झाली आणि माझ्यासकट बहुतेकांच्या कानात तीच बसलेली आहे. कॉकर शेफील्डचे, त्यांच्यासोबत त्या काळात बेस वाजवणारे ख्रिस स्टेन्टन हेही शेफील्डचेच. अल्बमचे शीर्षकगीत १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्यावर बेस स्टेन्टन यांचाच आहे. त्यामुळे ‘फीलिन ऑलराइट’वरही तेच असणार असे मी कित्येक वर्षे गृहीत धरून चाललो होतो. त्यातच १९६९ च्या अमेरिकेतील वुडस्टॉक संगीत महोत्सवातील चित्रणात कॉकर यांच्या मागे बेस घेऊन उभे असलेले दिसतात ते ॲलन स्पेनर, कारण तोपर्यंत स्टेन्टन कळफलकाच्या वाद्यांकडे वळले होते. म्हणजे डोळ्यांना एक बेसवादक दिसतो, अल्बमच्या बहुतेक गाण्यांवरून दुसराच समोर येतो, आणि या एका गाण्यावर प्रत्यक्षात वाजतो आहे तो तिसऱ्याच व्यक्तीचा हात.

ती व्यक्ती म्हणजे कॅरल केय. हे गाणे लंडनच्या चमूने नव्हे, तर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ वादकांनी वाजवलेले आहे. सुरुवातीपासून गाणे उचलून धरणारा तो डुलता पियानो आर्टी बटलर यांचा, ड्रम पॉल हम्फ्री यांचे आणि बेस केय यांचा. अल्बमच्या श्रेयनामावलीत ही नावे गाण्यागणिक दिलेली आहेत. मी ती आधीच नीट वाचली असती तर नावाचा शोध पाच मिनिटांत संपला असता. त्या काळातील असंख्य ध्वनिमुद्रणांवर वादकांची नावे छापलेलीच नाहीत. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवलेल्या गोव्याच्या वादकांच्या बाबतीतही तेच घडले. म्हणूनच जिथे नाव छापलेले आहे तिथे ते आदराने वाचावे, असे मला मनापासून वाटते.

वाद्याचे मात्र तसे नाही. श्रेयनामावलीत केवळ ‘बेस’ एवढेच असते. कोणत्या बनावटीचा, कोणत्या तारांचा, बोटांनी की पिकने (तार छेडण्याच्या छोट्या चकतीने), हे कानानेच शोधावे लागते. या गाण्यात जवळजवळ अथपासून इतिपर्यंत दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) आहेत, सी सेव्हन आणि एफ सेव्हन. शोधकर्त्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण तेच दोन मूळ स्वर वेगवेगळ्या जोराने आणि वेगवेगळ्या जागी पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात. चार तारांच्या बेसवर खालचा एफ हा सर्वांत जाड तारेच्या पहिल्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) येतो आणि त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४३.७ असते, सी पुढच्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, सुमारे ६५.४ वर. इतक्या खर्जातले तपशील लहान स्पीकरवर हरवतात, म्हणून मी ध्वनिमुद्रण एक सप्तक वर चढवून हेडफोनवर ऐकतो. वाद्ये वेगळी करून देणारी संगणकीय साधनेही वापरून पाहिली, परंतु या कामासाठी ती दगा देतात असा माझा अनुभव आहे. तारेवर पिक आपटल्याचा जो क्षणिक ‘टक्’ असतो, तो ही साधने अनेकदा ड्रमच्या पदरात टाकतात आणि मग उरलेला बेस बोटांनी वाजवल्यासारखा मऊ भासू लागतो. पहिल्या आठवड्यात मी नेमका याच कारणाने फसलो आणि वहीत ‘बोटांनी’ असे लिहून बसलो.

मूळ मिश्रणाकडे परतल्यावर तीन गोष्टी कानाला स्पष्ट झाल्या. प्रत्येक स्वराच्या आरंभी तो कडक ‘टक्’ आहे; स्वराला आस फार थोडी आहे; आणि गोल वेटोळ्याच्या (वरून गोल तार गुंडाळलेल्या) नव्या तारांना असते तशी धातूची झणझण नाही. तबल्यावर ‘ना’ वाजवून बोट उचलले तर नाद घुमत राहतो आणि बोट तसेच दाबून ठेवले तर बोल तिथल्या तिथे मिटतो; हा बेस त्या दुसऱ्या जातीचा आहे. केय यांची सर्वज्ञात पद्धत याच्याशी तंतोतंत जुळते. त्या मूळच्या जॅझ गिटारवादक. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आलाच नाही म्हणून त्यांनी बेस हाती घेतला, आणि गिटारवरची पिकची सवय बेसवरही कायम ठेवली. वाद्य फेंडर कंपनीचा प्रिसिजन हा बेस, तारा चपट्या वेटोळ्याच्या (वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या), आणि ब्रिजजवळ, म्हणजे वाद्याच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे, तारांवर वरून अलगद टेकवलेली फेल्टची (नमद्यासारख्या जाड कापडाची) दुमडलेली पट्टी.

ती पट्टी स्वतः लावून पाहिल्याशिवाय मला चैन पडेना. पेटी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून, पट्ट्यांखाली घालतात तसा फेल्टचा तुकडा आणला. आधी तो तारांच्या खाली दाबून बसवला, तर जाड तार पुरती मुकी झाली आणि पातळ तार मात्र मोकळीच वाजत राहिली. मग दुमडून वरून ठेवला आणि दोन्ही टोके चिकटपट्टीने अंगावर बसवली, इतकीच की फेल्ट तारांना टेकावा, त्यांच्यावर रेलू नये. फरक एका ठोक्यात ऐकू आला. स्वर आखूड झाला, पण त्याची उंची पुसली गेली नाही. उलट शेपूट छाटल्यामुळे आरंभीचा ‘टक्’ अधिक उठून दिसू लागला. फेल्ट ब्रिजपासून साधारण बोटभर पुढे सरकवला की सूर बसका होतो, आणि अगदी ब्रिजला भिडवला की असून नसल्यासारखा होतो. ही जागा शोधण्यातच दोन संध्याकाळी गेल्या. त्यानंतर मनगट सपाट ठेवून, ठोक्यावर पिक खाली आणि अर्ध्यावर वर, अशा केय शिकवत असलेल्या पद्धतीने तीच ओळ वाजवली, तेव्हा पियानोच्या मधल्या फटींत बेस कसा बसतो हे हातालाच कळले.

तरीही माझ्या वहीत वाद्याच्या रकान्यात मी ‘प्रिसिजन’ हा शब्द पेन्सिलनेच लिहिला आहे. पिक आणि दाबलेला नाद यांविषयी माझा कान आता ठाम आहे, परंतु वाद्याची बनावट मी आवाजावरून ओळखलेली नाही. ती वादकाच्या सवयीवरून घेतली आहे, आणि हा भेद लपवणे योग्य नव्हे. कारण डेट्रॉइटचे बेसवादक जेम्स जेमरसनही १९६२ च्या प्रिसिजनवर चपट्या वेटोळ्याच्या तारा लावत, त्यांच्या ब्रिजच्या झाकणाखालीही नाद दाबणारा फोम असे, आणि वाजवत मात्र ते एकाच बोटाने. वाद्य एकाच जातीचे, तारा एकाच जातीच्या, फरक फक्त तारेला काय लागते याचा. डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या काही गाण्यांवर बेस जेमरसन यांचा की केय यांचा, हा वाद कित्येक वर्षे चालत आला आहे, आणि मोटाउनने १९७१ पूर्वी वादकांची नावे क्वचितच छापल्यामुळे तो कानावर येऊन अडतो. एका ‘टक्’वरून कोणाच्या आयुष्यभराच्या कामाचे श्रेय इकडचे तिकडे करणे मला पटत नाही. ‘फीलिन ऑलराइट’च्या बाबतीत नाव छापील आहे, म्हणून ते शाईने लिहिता आले.

पुढचे काम वुडस्टॉकच्या मंचावरील याच गाण्याचे आहे. तेथे स्पेनर यांनी ती ओळ किती राखली आणि किती बदलली, हे दोन्ही स्वरलेखने शेजारी ठेवून पाहणार आहे. पहिल्या बत्तीस मात्रा उतरवून झाल्या आहेत. त्यात एफवर येतानाचा चढाव वेगळा आहे, एवढे आताच सांगता येते.