शेवटची वीस मिनिटे

११ जून २०२४ च्या रात्री सात रस्त्याजवळच्या आमच्या घरी मी आणि माझा पुतण्या भारत-कतार फुटबॉल सामना पाहत होतो. दोह्यात ३७ व्या मिनिटाला आपल्या छांगटेने गोल केला आणि विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी भारताला प्रथमच दिसू लागली. ७३ व्या मिनिटाला मात्र, चेंडू सीमारेषेबाहेर गेल्याचे आम्हाला स्पष्ट दिसत असूनही, पंचांनी कतारचा गोल मान्य केला. हा सामना ज्या दुसऱ्या फेरीतला होता तिच्यात व्हिडिओ पंच नव्हते, त्यामुळे दाद मागायला जागाच नव्हती. ८५ व्या मिनिटाला कतारचा दुसरा गोल झाला आणि आपण १-२ असे हरलो. “काका, आपण त्या एका गोलमुळेच बाहेर गेलो ना?” असे पुतण्याने विचारले, तेव्हा मला लगेच हो म्हणता आले नाही.

२०२६ च्या विश्वचषकात ३२ ऐवजी ४८ संघ असल्याने आशियाच्या थेट जागा साडेचारवरून आठ झाल्या. (पूर्वीची ती अर्धी जागा म्हणजे दुसऱ्या खंडाच्या संघाशी अखेरची लढत खेळण्याची संधी, ती आताही आठ जागांखेरीज आहेच.) पात्रतेच्या पहिल्या फेरीत आशियाई क्रमवारीतले तळाचे संघ खेळतात. दुसऱ्या फेरीत ३६ संघ चार-चारच्या नऊ गटांत विभागले जातात. प्रत्येक संघ घरी तीन आणि बाहेर तीन सामने खेळतो आणि पहिले दोन पुढे जातात. तिसऱ्या फेरीत सहा-सहाचे तीन गट असतात. त्यांतले पहिले दोन संघ थेट विश्वचषकात जातात, तर तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या संघांना आणखी एका फेरीतून उरलेल्या दोन जागांसाठी झगडावे लागते. याच वाटेने उझबेकिस्तान आणि जॉर्डन हे देश पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरले.

दुसऱ्या फेरीत आपल्या गटात कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला त्यांच्याच मैदानावर १-० असे हरवून आपण उत्तम सुरुवात केली होती. दोह्याच्या सामन्याआधी आपले पाच गुण होते, अफगाणिस्तानचेही पाच आणि कुवेतचे चार. त्याच दिवशी कुवेतने अफगाणिस्तानला हरवून सात गुण गाठले, म्हणजे दोह्यात बरोबरी साधूनही आपण सहाच गुणांवर थांबलो असतो. आपल्याला विजयच हवा होता. तो वादग्रस्त गोल होईपर्यंत विजय आपल्या हातात होता, म्हणून तो अन्याय मला आजही तितकाच बोचतो.

तरीही वहीत गुणतक्ता मांडून मी पुतण्याला आणखी एक सामना दाखवला. २६ मार्च २०२४ रोजी गुवाहाटीत, सुनील छेत्रीच्या १५० व्या आंतरराष्ट्रीय सामन्यात, त्याच्याच पेनल्टीमुळे आपण अफगाणिस्तानविरुद्ध १-० असे पुढे होतो. तिथेही अखेरच्या वीस मिनिटांत दोन गोल झाले आणि निकाल तसाच १-२ लागला. तो सामना जिंकला असता तर आपले एकूण आठ गुण झाले असते आणि दोह्यातल्या पराभवानंतरही कुवेत आपल्या मागेच राहिला असता. दोहा पंचांच्या हाती होते, गुवाहाटी आपल्या.

माझ्या मते विश्वचषकाच्या तिकिटापेक्षाही मोठे नुकसान पुढच्या दहा सामन्यांचे झाले. तिसऱ्या फेरीतल्या प्रत्येक संघाला सप्टेंबर २०२४ ते जून २०२५ या काळात आशियातल्या बलाढ्य संघांशी दहा लढती खेळायला मिळाल्या, त्यांतल्या पाच यजमान म्हणून. आघाडी टिकवण्याचा सराव अशाच सामन्यांतून होतो. शिवाय दुसऱ्या फेरीतल्या पहिल्या दोन संघांना २०२७ च्या आशियाई चषकाचा थेट प्रवेश होता. आपल्याला त्यासाठी वेगळी पात्रता खेळावी लागली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावात सिंगापूरविरुद्ध छांगटेनेच १४ व्या मिनिटाला आघाडी मिळवून दिल्यावर आपण पुन्हा १-२ असे हरलो.