वैशाखात आतून, श्रावणात बाहेरून

आमच्या लक्ष्मीला साडी दोनदा नेसवलेली आहे. एकदा चित्रकाराने रंगात नेसवली आणि मग आजीने त्या छापील साडीवर खरी जर, टिकल्या आणि बारीक मणी चिकटवून पुन्हा नेसवली. त्या काळात घरोघरच्या बायका हा उद्योग करायच्या. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि देव देवळातून उठून स्वयंपाकघराच्या भिंतीवर आले. आमच्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं. त्यातलं नुसतं ‘रवि’ उरलंय, पुढचं कसरीने खाल्लं. तेवढ्यावर आम्ही खूश आहोत.

एकदा मी आईला सांगितलं की आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके सिनेमात पडण्याआधी याच छापखान्यासाठी काम करायचे. आई म्हणाली, “म्हणजे हा फोटो त्यांनी काढलाय?” मी म्हटलं, अगं लक्ष्मीचा फोटो कसा काढतील? त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की त्यांनी मनावर घेतलं असतं तर तोही काढला असता.

सप्टेंबर 2008 मध्ये गंगेचं पाणी सराफ बाजारात शिरलं, तेव्हा ही तसबीर आमच्या वाड्यात माडीवर होती म्हणून वाचली. (गंगा म्हणजे गोदावरी. नाशिककराने गोदावरी म्हटलं की समजावं, तो भाषण करतोय.) पण भिंती जी ओल प्यायल्या ती प्यायल्या. वाडा सोडताना आईने तसबीर उतरवली आणि खालची पट्टी तिच्या हातात राहिली. आतून वाळवीने पोखरून नुसता पॉलिशचा पापुद्रा शिल्लक ठेवला होता. लक्ष्मी जुन्या साडीत गुंडाळून फ्लॅटवर आली आणि दोन वर्षं कपाटावर आडवी पडून राहिली.

फ्रेमवाल्याकडे गेलो नाही असं नाही. त्याने सिंथेटिक पट्ट्यांचे शे-दीडशे नमुने दाखवले, सोनेरी, चंदेरी, लाकडासारख्या दिसणाऱ्या. सगळ्यांची आतली खाच जेमतेम कागदाला पुरेल एवढी. आमच्या लक्ष्मीची जर मात्र चांगली तीन-चार मिलिमीटर वर आलेली. “काही नाही काका, काच जरा दाबून बसवू,” तो म्हणाला. पदरावरच्या मण्यांचा मला कट्कन आवाजच ऐकू आला. चित्र उचललं आणि घरी आलो. जेवताना जाहीर करून टाकलं, की फ्रेम मीच करणार. हाताने.

आता माझी नोकरी सांगायला हवी, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटीत आहे. लोक बनवतात, मी मोजतो. केसाच्या जाडीत चार-पाच वाटे होतील एवढ्या फरकासाठी मी माल परत पाठवलेला आहे. चार पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापून चिकटवायच्या, यात अवघड काय असणार? सरावासाठी मशीनच्या पेटीतल्या पाइनच्या फळ्या आणल्या, टेपने मापं घेतली, कोनमापकाने रेषा मारल्या आणि करवत चालवली.

तीन कोपरे बसले. चौथा आ वासून राहिला. आतल्या बाजूने फट मोजली, जवळजवळ पाच मिलिमीटर.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी हुशारी करून चौथा कोपरा आधी जुळवला, तर पहिला उघडला. तेव्हा कुठे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चार कोपरे म्हणजे आठ काप. माझी करवत दर वेळी एकाच बाजूला अर्धा अंश कलत होती. अर्ध्या अंशाला कोण विचारतो? पण आठ अर्धे म्हणजे चार अंश, आणि ते सगळे मुकाट्याने चालत येऊन शेवटच्या कोपऱ्यात गोळा होतात. नाचता येईना अंगण वाकडं हे खरं, पण इथे अंगणही मीच सारवलेलं होतं.

जुन्या नाशकात देव्हारे करणारे एक मिस्त्री आहेत, वाड्याची दारं-खिडक्या तेच दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे माझी वाकडी चौकट घेऊन गेलो. त्यांनी ती हातात घेतली, एक डोळा मिटून पाहिली आणि विचारलं, “साहेब, टेप कशाला लावली?”

मी म्हटलं, “मिस्त्री, मापाशिवाय कसं होणार?”

“माप एकदाच. पुढे लाकडाला लाकूड लावायचं.”

समोरासमोरच्या दोन पट्ट्या एकमेकींवर पाठीला पाठ लावून ठेवायच्या आणि टोकांवरून अंगठा फिरवायचा. डोळ्याला दिसत नाही तो फरक अंगठ्याच्या कातडीला अडतो. चारशे मिलिमीटरची पट्टी तीनशे अठ्ठ्याण्णव भरली तरी कुणाचं काही बिघडत नाही, पण मग तिची जोडीदारीणही तेवढीच हवी. कोनाचंही तसंच. करवतीने तंतोतंत पंचेचाळीस कापायच्या भानगडीत पडायचंच नाही. जरा लांब कापायचं आणि मग रंध्याने टोक तासत तासत रेषेवर आणायचं. त्यासाठी त्यांच्याकडे एक साधी पाटी होती. सपाट फळीवर काटकोनी लाकडी त्रिकोण ठोकलेला, त्याच्या एका अंगाला डावी पट्टी टेकवायची आणि दुसऱ्या अंगाला उजवी, रंधा आडवा पाडून कडेने सरकवायचा. त्रिकोण बसवताना किंचित फिरला असेल तर एक टोक साडेचव्वेचाळीस होतं, दुसरं आपोआप साडेपंचेचाळीस. दोघांचे मिळून नव्वद झाले की काम झालं.

इथे मिस्त्रींनी संसारावर काहीतरी बोलावं अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

लाकूड वाड्याचंच मिळालं. पाडकाम करणाऱ्याकडून एका खिडकीच्या चौकटीचा उभा तुकडा विकत घेतला. आपल्याच घराची खिडकी पैसे मोजून घेताना कसंसंच होतं, पण तो माणूस वजनावर हिशेब करत होता, आठवणींचे वेगळे लावले नाहीत. वखारीत चिरून द्यायला नाही म्हणाले. जुन्या लाकडात खिळे असतात, पात्याचे दात जातात. मग गॅलरीत बसून चार संध्याकाळी हाताने उभी चिराई केली. शेजारच्या आजोबांनी पहिल्या दिवशी चौकशी केली, दुसऱ्या दिवशी सल्ला दिला, तिसऱ्या दिवशी खुर्ची आणली.

खिळा निघालाच. चांगला लयीत रंधा चालला होता आणि कर्र झालं. डोकं गंजून गळालेला, लाकडाच्या पोटात बसलेला जुना खिळा, आणि रंध्याच्या पात्याला मधोमध तांदळाच्या कणीएवढी खोक. ती घासून काढायला दगडावर दीड तास गेला. त्यानंतर प्रत्येक पट्टीवर मी आधी लोहचुंबक फिरवायला लागलो. हे मात्र कारखान्याने शिकवलेलं.

पण त्या सागाबद्दल सांगतो. वरून तो काळाकुट्ट होता, चुलीचा धूर आणि त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे तीन थर. रंध्याच्या पहिल्या दोन हातांत नुसती काळी भकलं उडाली. तिसऱ्या हाताला तोंडातून एक अखंड पापुद्रा वळत बाहेर आला, मधासारखा, उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसावीत असा. आणि वास. तेलकट, थोडा कडवट, कातड्याच्या पिशवीसारखा. शंभर वर्षं तरी ते लाकूड त्या भिंतीत होतं आणि आतून काल चिरल्यासारखं. आई आतून बाहेर आली, एक पापुद्रा उचलला, नाकाशी धरला आणि म्हणाली, “माडीच्या जिन्यात असा वास यायचा, पावसाळ्यात.” मग तो पापुद्रा तिने पोथीत खूण म्हणून ठेवला.

उलट्या रेषेवर रंधा चालवला की तेच लाकूड ओरडतं आणि खवले उचलून देतं. पट्टी फिरवून घेतली की गप्प. ही गोष्ट सांगून कळत नाही, एक पट्टी खराब करावी लागते. मी दोन केल्या.

काच बसायच्या खाचेला मिस्त्री पताम म्हणतात. आमची पताम बारा मिलिमीटर खोल काढली. दोन मिलिमीटरची काच, मग जरीला श्वास घ्यायला पाच मिलिमीटरची बारीक पट्टी चारी बाजूंनी, मग चित्र, मग मागचा हार्डबोर्ड, आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायला थोडी जागा. काच चित्राला टेकता कामा नये हे नुसतं मण्यांसाठी नाही. पावसाळ्यात दमट हवेने चित्र काचेला चिकटतं आणि पुढे काच काढताना रंगासकट येतं. जुन्या लग्नाच्या फोटोंमध्ये नवऱ्यामुलाच्या कोटावर जो चकाकता डाग दिसतो, तो बहुतेक वेळा हाच.

चिकटवायला क्लॅम्प नव्हते. मिस्त्रींनी सुतळी दिली. चौकटीभोवती चार वेढे, कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे तुकडे आणि सुतळीत काडी घालून पीळ द्यायचा. पीळ वाढतो तसे चारी कोपरे एकदम आत ओढले जातात. मग दोन्ही कर्ण मोजायचे. इथे मी टेप काढली आणि मिस्त्री काही बोलले नाहीत. कर्णांत दोन मिलिमीटरचा फरक होता, लांब कर्णावर हलकेच दाब दिला आणि दोन्ही सारखे झाले. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो एकतीस वर्षांत एकाही पास झालेल्या लॉटने दिलेला नाही.

एक चूक मात्र केली. तिरक्या कापाचं टोक गोंद शोषून घेतं, म्हणून आधी पातळ हात देऊन तो मुरू द्यायचा आणि मग दुसरा द्यायचा, हे मिस्त्रींनी सांगितलं होतं. उत्साहात मी एकच हात दिला.

दिवाळीच्या आधी लक्ष्मी भिंतीवर गेली. चारी कोपरे असे, की नख फिरवलं तरी अडू नये. बायको लांब उभी राहून म्हणाली, “वाकडी लागलीये.” स्पिरिट लेव्हल लावली. तसबीर सरळ होती, बिल्डरची भिंत वाकडी होती. हे सिद्ध केल्यावरही तसबीर भिंतीच्या मानाने थोडी कलतीच करावी लागली, कारण घरात राहायचं आहे.

मे महिन्यात एक दिवस वरच्या डाव्या कोपऱ्यात काळी रेघ दिसली. काचेच्या बाजूने, आत. सांधा आतून उघडला होता आणि बाहेरचं टोक मात्र घट्ट. गेला, म्हटलं, तो एक हात नडला. खाली उतरवून दुरुस्त करीन करीन म्हणता म्हणता पाऊस लागला. आषाढ सरता सरता पाहतो तर रेघ गायब. श्रावणात पुन्हा दिसली, पण आता बाहेरच्या टोकाला!

मिस्त्रींना सांगितलं तर त्यांना काहीच वाटलं नाही. “लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला नाही,” एवढंच म्हणाले. घरी येऊन कागदावर काढलं तेव्हा उलगडा झाला. उन्हाळ्यात पट्टी सुकते, रुंदी कमी होते, लांबी तेवढीच राहते. म्हणजे पंचेचाळीसचं टोक किंचित निमुळतं होतं, दोघांचे मिळून नव्वद भरत नाहीत, बाहेरची टोकं एकमेकांना धरून राहतात आणि आत फट पडते. पावसाळ्यात पट्टी फुगते, आतली टोकं एकमेकांना रेटतात आणि फट बाहेर जाते. पुरेसा गोंद असता तर त्याने हे सगळं दाबून धरलं असतं. माझ्या त्या कोपऱ्यात तेवढा नाही, म्हणून तो खरं बोलतो.

हिने विचारलं, फटीत लांबी (पुट्टी) भरून का टाकत नाही? भरली तर श्रावणात फुगलेल्या टोकांना जायला जागा राहणार नाही, हे एक कारण. दुसरं कारण मी सांगितलं नाही. कारखान्यातला फट मोजायचा जुना फीलर गेज घरी आहे, पात्यांच्या जुडग्यासारखा. दर महिन्या-दोन महिन्यांनी मी खुर्चीवर चढतो आणि त्या कोपऱ्यात एकेक पातं सरकवून पाहतो. जे जातं ते तसबिरीच्या पाठीवरच्या खाकी कागदावर पेन्सिलीने मिलिमीटरमध्ये लिहून ठेवतो. वैशाखात आतून 0.30. मृगात आतून 0.10. श्रावणात बाहेरून 0.20.

गेल्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं त्या दिवशी असाच खुर्चीवर होतो. आई टीव्हीसमोर बसली होती. नाशिकच्या पुराचं माप रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवर घेतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं, यावरून सराफ बाजार माल वर चढवायचा की नाही ते ठरवतो. टीव्हीवाला इतके हजार क्युसेक, इतके हजार क्युसेक म्हणून सांगत होता. आई वैतागली आणि तिने वाड्याशेजारच्या काकूंना फोन लावला.

“किती आहे रे तुझं?” फोन ठेवता ठेवता तिने मला विचारलं.

“बाहेरून पंचवीस.”

“मारुतीच्या कमरेपर्यंत आलंय. लिही.”

मी तसबीर उलटी केली. बाहेरून 0.25, मारुती कंबर.