सालीवरचे ठिपके : पावसाळ्यानंतरची नोंद

जूनच्या पहिल्या आठवड्यात परसातील पेरू आणि आंबा या दोन झाडांच्या खोडांवर, छातीइतक्या उंचीला, पांढऱ्या ऑइलपेंटचा रुपयाएवढा एकेक ठिपका दिला होता. कोल्हापूरचा पाऊस सरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागल्यावर ते तपासले. पेरूवरचा ठिपका जागेवर नव्हता. ज्या पापुद्र्यावर तो होता, तो कडांनी वळून बुंध्याशी पडलेला सापडला आणि त्याच्या जागी हिरवट, गुळगुळीत खोड उघडे पडले होते. आंब्यावरचा ठिपका मात्र शाबूत असून त्यातून केसाएवढी उभी चीर गेली आहे.

सालीच्या आत त्वक्षाकर नावाचा जिवंत थर असतो आणि तो बाहेरच्या बाजूला त्वक्षा, म्हणजे बुचाच्या पेशी, तयार करत राहतो. या पेशींच्या भिंतींत सुबेरिन हा पाणी न झिरपू देणारा मेणचट पदार्थ साचतो, पेशी मरतात, आणि त्यांच्या पलीकडे उरलेल्या भागाचे पाणी तुटून तो वाळतो. खोड आतून जाड होत असताना हे मृत कवच ताणले जात नाही. ते फाटते किंवा सुटून पडते. नवा त्वक्षाकर सलग पातळ पत्र्यासारखा तयार झाला, तर पेरूसारखे पापुद्रे निघतात. तुकड्यातुकड्यांनी, एकमेकांवर चढत खोलवर तयार झाला, तर दाजीपूरच्या रानातील ऐन या वृक्षासारखी मगरीच्या पाठीची साल मिळते. मला स्वतःला ऐनच अधिक प्रेक्षणीय वाटतो.

बुचाच्या झाडाच्या गळलेल्या सालीचा ब्लेडने काढलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा रिकाम्या खोल्यांची रांग दिसली. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापाचे वर्णन करताना ‘सेल’ हा शब्द वापरला, तोही अशाच मृत पेशींच्या भिंती पाहून.

शेवग्याच्या बाबतीत मात्र चूक झाली. वल्करंध्राचा, म्हणजे सालीतील हवा खेळवणाऱ्या बारीक छिद्राचा, काप घेण्याच्या नादात ब्लेड मऊ सालीतून थेट जिवंत परिकाष्ठापर्यंत, म्हणजे अन्नरस वाहून नेणाऱ्या थरापर्यंत, गेले. दुसऱ्या दिवशी जखमेवर डिंकाचा गोळा जमला आणि पुढे तो तांबूस झाला. यापुढे काप फक्त गळलेल्या सालीचेच घेणार आहे. पेरूच्या नव्या, हिरवट जागेवर आज दुसरा ठिपका दिला आहे.