पित्त खवळलं आणि शब्द पाठ झाला

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले. इंजिनिअरिंगला इंग्रजीची भीड चेपली, पण परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या जीआरईच्या पहिल्याच सराव परीक्षेत कळलं, की रिकाम्या जागेत भरायचे शब्दच ओळखीचे नाहीत. 2011 साली या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न गेले. आता अख्ख्या वाक्याचा रोख ओळखून शब्द निवडावा लागतो. मी मात्र यादी घेऊन रोज पन्नास शब्द आणि त्यांचा एकेक अर्थ घोकत होते. रविवारी उजळणीला बसले की निम्मे गायब.

कोलेरिक, सँग्विन, फ्लेग्मॅटिक, मेलंकली या चौघांनी तर महिनाभर छळलं. एका संध्याकाळी वीजबिलावरून बाबांचा आवाज चढला. आई पोळ्या लाटता लाटता हळूच म्हणाली, "आत्ता काही बोलू नकोस गं त्यांना, पित्त खवळलंय." माझ्या हातात कोलेरिकचंच कार्ड होतं. अर्थ, शीघ्रकोपी. मूळ शोधलं तर ग्रीकमध्येही पित्तच निघालं! आपल्याकडे वात-पित्त-कफ, तसे ग्रीक वैद्य शरीरात चार द्रव मानत: रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. रक्त जास्त तो सँग्विन, उमेदीचा. कफाचा तो फ्लेग्मॅटिक, थंड, सहजी न हलणारा. काळ्या पित्ताची ती मेलंकली, खिन्नता. चारही त्या रात्री पक्के झाले.

मग शब्दाचं कूळ शोधल्याशिवाय कार्ड लिहायचंच नाही असं ठरवलं. बोलणं या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूतून बडबड्या माणसाचा लॉक्वेशस आला, वक्तृत्वाचा एलोक्वंट आला आणि नाटकातलं स्वगत, सॉलिलोक्वीही. जगरनॉट तर आपल्या पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून गेलेला; आडवं येईल ते चिरडत जाणारी ताकद. तो एकदा वाचला, पुन्हा पाहावा लागला नाही.

कार्डं म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. पेढ्यांच्या खोक्यात पुठ्ठा लावून पाच कप्पे केले. ही पद्धत जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांची, 1970 च्या दशकातली. शब्द आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की थेट पहिल्यात. पहिला कप्पा मी रोज काढायचे, पाचवा महिन्यातून एकदा.

सगळ्यात जास्त अडले ते ओळखीच्या शब्दांपाशी, आणि यादीत एकच अर्थ छापणाऱ्यांवर माझा खरा राग आहे तो इथेच. क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणं, एवढंच मला माहीत. पण क्वालिफाइड पाठिंबा म्हणजे हातचं राखून दिलेला पाठिंबा! सँक्शनचंही तेच, मंजुरीही आणि निर्बंधही. हे कार्ड चार वेळा पहिल्या कप्प्यात परत आलं. शेवटी अर्थ खोडून त्यावर दोन वाक्यं लिहिली: 'बँकेने काकांचं कर्ज सँक्शन केलं' आणि 'त्या देशावर सँक्शन्स लादले'. त्यानंतर ते पुढे सरकलं.