बॉस्टनमधलं गुऱ्हाळ

आई ऑगस्टमध्ये आली आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत नायगारा, मॉल, न्यूयॉर्क सगळं उरकलं, तेव्हा एका सकाळी चहा घेता घेता म्हणाली, "इमारती बास आता, जरा झाडं दाखव." मग त्या शनिवारी ऑरेंज लाइन पकडून शेवटच्या स्टेशनला, फॉरेस्ट हिल्सला उतरलो. तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर हार्वर्ड युनिव्हर्सिटीचं अर्नोल्ड आर्बोरेटम आहे. म्हणजे झाडांचं म्युझियमच, फक्त छप्पर नाही आणि तिकीट नाही. मी बॉस्टनमध्ये सहा वर्षं राहतेय आणि याआधी फक्त एकदाच गेले होते, तेही मे महिन्यात लायलॅकची फुलं बघायला गर्दीत, त्यामुळे ते काही धरायचं नाही.

गेटवर आईचा पहिला प्रश्न, "सातबारा कुणाच्या नावावर?" कोल्हापूरची माणसं आम्ही, जमीन दिसली की हेच आधी सुचतं. पण प्रश्न भारी होता, कारण उत्तर खरंच मजेशीर आहे. १८७२ मध्ये हे सुरू झालं आणि १८८२ मध्ये हार्वर्डने जमीन बॉस्टन शहराला दिली आणि शहराने तीच परत हार्वर्डला भाड्याने दिली, वर्षाला १ डॉलर, आणि मुदत १००० वर्षं! म्हणजे मालक शहर आणि कूळ हार्वर्ड. २८१ एकर. आई बराच वेळ त्या हजार वर्षांतच अडकली होती, "आपल्याकडे ९९ वर्षांवरून कोर्टकचेऱ्या होतात गं."

इथल्या झाडांना धातूची छोटी पट्टी लावलेली असते. पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्यावरचं फक्त नाव वाचून पुढे गेले होते, यावेळी मात्र व्हिजिटर सेंटरमध्ये विचारून घेतलं. तर त्या पट्टीवर झाडाची सगळी कुंडलीच असते. व्हिजिटर सेंटरच्या जवळच डॉन रेडवुड आहेत, नुकती तांबूस व्हायला लागलेली, त्यांचा नंबर ५२४-४८. म्हणजे १९४८ सालातली ५२४ नंबरची नोंद. शेवटी अक्षर असतं ते त्याच बियाण्यातल्या भावंडांपैकी कुठलं हे सांगायला. आणि 'एसडी' लिहिलेलं असलं की ते बियांपासून वाढवलेलं. या झाडाची गोष्ट अशी की १९४१ मध्ये एका जपानी शास्त्रज्ञाने, शिगेरू मिकींनी, त्याचं नुसत्या जीवाश्मांवरून वर्णन केलं, सगळ्यांना वाटलं कधीच संपलेलं झाड, आणि पुढच्या काही वर्षांत ते चीनमध्ये जिवंत सापडलं. आर्बोरेटमने पैसे पाठवून बिया मागवल्या, १९४८ च्या सुरुवातीला त्या आल्या आणि मग इथून जगभर वाटल्या. आई म्हणाली, सूचिपर्णी दिसतंय पण पानं कशी गळतायत? तर हो, हे थंडीत चक्क बोडकं होतं. आई शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवायची, तिला असल्या अपवादांचा फार आनंद होतो.

मेडो रोडने पुढे निघालो आणि मी नंबर वाचत मागे रेंगाळत होते तर आई एकदम थांबली. नाक वर. "कुठेतरी गूळ शिजतोय."

मला आधी वाटलं थंडीने सर्दी झालीय तिला. पण खरंच वास होता! गोड, थोडासा करपलेला, काकवी काईलीतून उतरायच्या आधी येतो अगदी तसा. लहानपणी मामाच्या गावी गुऱ्हाळावर चुलवाणाशेजारी बसून आम्ही ऊस पाकात बुडवून खायचो, तोच वास, हजारो किलोमीटर लांब, डिसेंबरऐवजी ऑक्टोबरात आणि एकही ऊस नसताना. आई सरळ वासाच्या मागे चालत गेली. नकाशा माझ्या हातात आणि वाट दाखवतेय ती.

झाड होतं कात्सुरा. भरपूर खोडं एकत्र फुटलेली, बदामाच्या आकाराची छोटी पिवळी पानं, खाली नुसता सडा. पानं पिकून वाळायला लागली की त्यांच्यातून माल्टॉल सुटतं, तेच जे साखर करपताना तयार होतं. हिरवं पान चुरगळून बघितलं तर तसा काही वास येत नाही. इथली सगळ्यात जुनी कात्सुरा १८७८ मध्ये जपानमधल्या साप्पोरोहून आलेल्या बियांची. मी हे सगळं फोनवर वाचून दाखवत होते आणि आई डोळे मिटून उभी होती, ऐकत नव्हती हे उघड होतं.

त्यानंतर बोन्सायपण बघितले (आईचं मत: "बिचारी"), पीटर्स हिल चढलो, वरून शहर दिसतं, ठीकच. भूक लागली होती आणि पर्समध्ये तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, पण इथे पिकनिकला परवानगी नाही. आईने बोर्ड वाचला, पर्स बंद केली आणि स्टेशनच्या बाकावर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये तिच्या शालीला एक पिवळं पान चिकटलेलं दिसलं. हुंगून बघितलं, वास होता अजून. रात्री मावशीचा फोन आला तेव्हा हार्वर्ड वगैरे काही नाही, सुरुवातच, "अगं, इथं गुऱ्हाळाचं झाड आहे."